गुळवेल

(सं. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, हिं. गिलोय, लॅ. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल–मेनिस्पर्मेसी). भारतात बहुतेक ठिकाणी झाडांवर व कुंपणांवर चढणारी बहुवर्षायू वेल. पाने हृदयाकृती. खोड मांसल, वरची साल कागदासारखी सुटणारी. आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. तोडलेला तुकडाही पुन्हा फुटतो. कडुनिंबावर चढलेली वेल वैद्य श्रेष्ठ मानतात.

आयुर्वेदातील स्थान : चरकसंहितेत चार मेध्य रसायनांत गुळवेलीच्या रसाचा समावेश आहे. जीर्णज्वरात काढा देतात. ताजे खोड ठेचून पाण्यात भिजवतात, कुस्करून गाळतात. तळाशी बसणारा पांढरा साका वाळवला की गुळवेल सत्त्व होते.

घटक : बर्बेरीन, कडू डायटर्पीन द्रव्ये व बहुशर्करा. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये खोडातून वेगळे केलेले अराबिनोगॅलॅक्टन बी पेशींना चेतवते, असे आढळले.

संशोधन : या वनस्पतीच्या आधुनिक अभ्यासाचा पाया मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शारदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. अवरोधी कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरील त्यांची चाचणी 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. पित्ताचा निचरा चालू असताना एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्यांसोबत दररोज किलोमागे 16 मिग्रॅ. गुळवेल दिली. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना सेप्टिसीमिया झाला, दुसऱ्यात कोणालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 40 व 92.4 टक्के होते. रुग्णसंख्या लहान असली, तरी वनौषधीची शिस्तबद्ध चाचणी कशी घ्यावी याचा हा मोलाचा वस्तुपाठ आहे.

श्वसनविकार : 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 75 रुग्णांच्या चाचणीत ॲलर्जीच्या सर्दीत आठ आठवड्यांत आराम दिसला. ही सर्दी विषाणुजन्य नसल्याने त्यावरून फ्लू किंवा कोविडविषयी निष्कर्ष काढता येत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयाच्या कोविड उपचारसूत्रात गुडूची घनवटीचा समावेश झाला.



दुष्परिणाम : मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतदाह नोंदवला, 2022 मधील बहुकेंद्री अभ्यासात असे 43 रुग्ण होते. अनेकांत स्वप्रतिरक्षी विकाराची लक्षणे आढळली. आयुष मंत्रालयाने कारणसंबंध अमान्य केला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सजातीय वेलीशी गल्लत होण्याची शक्यता दाखवली. क्रिस्पाच्या फुलाला तीन पाकळ्या असतात, गुळवेलीच्या फुलाला सहा. वाद मिटलेला नाही. यकृतविकार, संधिवातासारखे स्वप्रतिरक्षी विकार किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.