मोटरसायकल इंजिन : अडचणीच्या जागांची स्वच्छता

मोटरसायकल इंजिनाच्या ज्या भागांपर्यंत हात, फडके किंवा पाण्याची धार नीट पोचत नाही, तिथला चिखल, तेलकट मळ, क्षार आणि काजळी काढण्याची देखभालीची क्रिया. सिलिंडरच्या फिन्समधल्या फटी, स्पार्क प्लगची खोबण, छोट्या स्प्रॉकेटच्या कव्हरची आतली बाजू, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीखालचा कोनाडा, स्टार्टर मोटरभोवतीची पोकळी, बेंड पाइपमागची क्रँककेसची पुढची भिंत आणि रेडिएटरची जाळी या त्यातल्या मुख्य जागा. हे काम गाडी चकाकावी म्हणून करायचे नसते. इंजिनाची उष्णता बाहेर पडावी आणि त्याची दुखणी वेळेवर नजरेस यावीत, यासाठी ते करायचे असते.

गरज : मोटारीच्या इंजिनावर बॉनेटचे झाकण असते, मोटरसायकलचे इंजिन मात्र उघडे असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, रस्त्यावरची धूळ आणि साखळीवरून उडणारे वंगण थेट त्याच्यावर येते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पेट्रोल जळून तयार झालेल्या उष्णतेचा बराच भाग सिलिंडर आणि हेडवरच्या फिन्समधून वाऱ्याला दिला जातो. फिन्समुळे धातूचे वाऱ्याशी लागणारे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते. ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूतून उष्णता ओतीव लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने वाहते. वाळलेल्या मातीची उष्णतावाहकता मात्र त्या मिश्रधातूच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. त्यामुळे दोन फिन्समधली फट चिखलाने भरली, की त्या जागी फिन्स असून नसल्यासारख्याच. वारा अडतो, हेड अधिक तापते, तेल पातळ होऊन वंगणाचा थर कमकुवत होतो आणि चढावर इंजिन ठोकू लागते.

इंजिनाची रचना बदलली, की अडचणीची जागाही बदलते. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे. हेडचे तोंड पुढच्या चाकाकडे असल्याने चिखल हेडच्या खालच्या अंगाला बसतो आणि उभे राहून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. बुलेटसारख्या उभ्या सिलिंडरच्या गाड्यांत फिन्सची मागची बाजू कार्ब्युरेटरच्या आड जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असलेल्या जुन्या बुलेटमध्ये त्या दोहोंमधल्या फटीत तेल व धूळ साचते. २००३ पासून पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनांत दोन प्लग आले, म्हणजे सांभाळायच्या खोबणीही दोन झाल्या. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांत सिलिंडरवरच्या फिन्सचा प्रश्न मिटतो, पण तोच प्रश्न रेडिएटरच्या बारीक जाळीवर जाऊन बसतो.

मळाचे प्रकार : मळ कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय तो काढायला घेऊ नये. देशावरची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की कठीण ढेकूळ होते. ती कोरडी खरवडण्यापेक्षा ओल्या फडक्याखाली तासभर भिजवली तर अलगद सुटते. कोकणातली आणि गोव्यातली तांबडी माती तितकी चिकट नसते, पण तिचा बारीक कण ॲल्युमिनियमच्या खरखरीत पृष्ठभागात शिरतो व डाग धरतो. किनाऱ्यालगत हवेतल्या क्षारांमुळे रंग उडालेल्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. हा मळ नसून धातूचा गंज असतो आणि तो साबणाने जात नाही. तेल आणि धूळ मिळून होणारा काळा लेप केवळ पाण्याने कधीच निघत नाही. चौथा प्रकार सेंद्रिय : पाने, किडे, गवताच्या काड्या. मळणीच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेल्या पिकावरून गाडी गेली, तर काड बेंड पाइप आणि क्रँककेस यांच्यामध्ये अडकते. तापलेल्या पाइपावर ते धुमसू शकते, म्हणून ते त्याच दिवशी काढणे आवश्यक असते.

प्लगची खोबण : अनेक इंजिनांत स्पार्क प्लग हेडमधल्या खोल खोबणीत बसवलेला असतो. या खोबणीच्या तळातून हेडच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक छिद्र काढलेले असते. खोबणीत शिरलेले पाणी तिथून निथळून जाते. छिद्र इतके लहान असते, की चिखलाच्या एका शिंतोड्याने किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्याने ते बुजते. मग पावसात किंवा गाडी धुताना खोबणीत पाणी साठते, प्लगची षटकोनी कड गंजते, ठिणगी कॅपमधून बाहेरच उडते आणि इंजिन अडखळू लागते. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या बाजूने ते छिद्र शोधून तांब्याची पातळ तार किंवा बांबूची काडी हलकेच आत घालणे आणि पाणी निथळते आहे ना, हे पाहणे.

प्लग खोलण्याआधी खोबण साफ करायलाच हवी. धूळ तशीच ठेवून प्लग काढला, तर वाळूचे कण सिलिंडरमध्ये पडतात आणि पिस्टन व सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उठतात. प्लग जागेवर असतानाच कॅप काढून खोबणीत हवा मारावी. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलच्या पंपाला नळी जोडूनही काम भागते. प्लग दोन आटे सैल करून पुन्हा हवा मारावी आणि मगच तो बाहेर काढावा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा.

छोट्या स्प्रॉकेटचे कव्हर : इंजिनाच्या बाहेरच्या अंगावरची सर्वांत घाण जागा हीच. साखळीवर मारलेले वंगण फिरताना उडते, त्यात धूळ मिसळते आणि कव्हरच्या आत बोटभर जाडीचा काळा थर साचतो. त्याच्या आड स्प्रॉकेटच्या शाफ्टचे ऑइल सील, गिअर शाफ्टचे सील आणि पुष्कळ गाड्यांत न्यूट्रल स्विचची वायर असते. सील गळू लागले तरी तेल या लेपात मुरते आणि महिनोन्महिने कळत नाही. कव्हरचे बोल्ट काढून मोठा थर लाकडी पट्टीने खरवडावा, उरलेला रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशाने काढावा. लोखंडी पेचकस वापरला तर सीलची रबरी कड कापली जाण्याचा धोका असतो. साखळी ओ-रिंगची असेल तर तिच्यावर पेट्रोल पडू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते आणि आतले ग्रीस धुऊन जाते.

साधने : या कामाला महागडी हत्यारे लागत नाहीत. जुना टूथब्रश, बाटली धुण्याचा ब्रश, बांबूच्या काड्या, सुती कापडाच्या पट्ट्या आणि रंगाचा एक इंची ब्रश एवढ्यावर बहुतेक जागा साफ होतात. रंगाच्या ब्रशाचे केस निम्मे कापले, की तो ताठ होतो. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळली, की इंजिनाच्या रंगावर चरे पडत नाहीत. फिन्सच्या मागच्या अंगाला ब्रशही पोचत नाही. तिथे दोन बोटे रुंदीची कापडी पट्टी फटीतून पलीकडे काढावी आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढावी. स्टीलचा तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर किंवा रंगावर चालवू नये. रंग नसलेल्या ओतीव लोखंडावर पितळी ब्रश चालतो. काही इंजिनांत फिन्सच्या मधोमध रबराचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. ते फिन्सचा किणकिणाट थांबवतात. कचरा समजून त्यांना उपटून टाकू नये.

द्रावणे : तेलकट लेपासाठी पाण्यात मिसळणारा डीग्रीझर सर्वांत सोयीचा. तो मारून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावा, पण वाळू देऊ नये. रॉकेल आणि डिझेलही मळ सोडवतात, मात्र त्यांचा तेलकट पापुद्रा मागे राहिला तर त्यावर धूळ लगेच चिकटते, म्हणून शेवटी साबणाच्या पाण्याने धुणे आवश्यक असते. पेट्रोलने इंजिन धुण्याची सवय जिवावर बेतणारी आहे. पेट्रोलची पेट घेणारी वाफ सुमारे उणे ४०° से. तापमानालाही तयार होते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ती हवेत असतेच. बॅटरीच्या वायरीची एक ठिणगीही तिला पुरते. रॉकेलची वाफ साधारण ३५° ते ४०° से. दरम्यान पेट घेण्याजोगी होते, त्यामुळे उन्हाळ्यात आणि तापलेल्या इंजिनावर तेही निर्धोक नाही.

कॉस्टिक सोडा आणि फरशी धुण्याचे ॲसिड ही दोन्ही ॲल्युमिनियमची शत्रू. दोन्हींशी धातूची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि पृष्ठभाग कुरतडला जातो. कपडे धुण्याची पावडरही अल्कधर्मी असते. ती वापरायचीच झाली तर सौम्य करून वापरावी आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावी. गाडीसाठीचा शांपू किंवा भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण अधिक बरा.

कामाचा क्रम : इंजिन कोमट असताना काम सुरू करावे. गरम इंजिनावर द्रावण क्षणात वाळून डाग धरते, हात भाजतो आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडणे चांगले नसते. अगदी थंड इंजिनावर ग्रीस घट्ट राहते. गाडी मेन स्टँडवर घ्यावी. एअर फिल्टरचे तोंड, सायलेन्सरचे टोक, किल्लीची जागा आणि उघडे वायर-कनेक्टर प्लास्टिक पिशवी व रबरबँडने झाकावेत. प्रथम कोरडी माती झटकावी. मग द्रावण खालून वर लावत जावे, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. ब्रशाने प्रत्येक फट घासावी आणि वरून खाली हलक्या धारेने धुवावे. कोपऱ्यांतले पाणी हवेने उडवावे, फडक्याने टिपावे, पिशव्या काढाव्यात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. त्याच्या उबेने उरलेला ओलावा निघून जातो.

रेडिएटर किंवा ऑइल कूलरची जाळी इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूला पाणी सोडून धुवावी, म्हणजे किडे आणि माती ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडतात. जाळीची पाती इतकी नाजूक असतात, की बोटाच्या दाबानेही वाकतात.

प्रेशर वॉशरचा धोका : घरगुती नळाच्या पाण्याचा दाब काही मोजक्या बारचा असतो, वॉशिंग सेंटरच्या यंत्राचा १०० बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक. ऑइल सील आतले तेल बाहेर येऊ नये यासाठी असते, बाहेरून येणारी अशी धार अडवण्यासाठी नसते. जवळून मारलेली धार सीलच्या ओठातून, कनेक्टरमधून आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरते. दुष्परिणाम त्या दिवशी दिसत नाही, पुढे गंज आणि खरखर होऊन दिसतो. यंत्र वापरायचेच असेल तर नोझल हातभर दूर धरावे आणि सील, कनेक्टर, कार्ब्युरेटर व साखळी टाळावी. अडचणीच्या जागांना दाबापेक्षा ब्रश आणि भिजायला दिलेला वेळ अधिक मानवतो.

तपासणी : या सगळ्या कष्टांचे खरे फळ इंजिन वाळल्यावर मिळते. मळलेल्या इंजिनावर गळती कुठून होते ते सांगता येत नाही, कारण तेल गुरुत्वाने खाली आणि वाऱ्याने मागे पसरते. स्वच्छ इंजिनावर संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे अंतर गाडी चालवावी आणि पावडरवरची ओली रेघ पाहावी. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा हे गळतीचे मूळ. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, हेड आणि ब्लॉकमधला सांधा, क्लच कव्हरची कड, मॅग्नेटोच्या वायरींचे रबरी बूच आणि स्प्रॉकेटमागचे सील या क्रमाने पाहत यावे. तडकलेली फिन, सैल बोल्ट, तडे गेलेला इनटेक रबर, सुटलेली ब्रीदर नळी हे दोषही याच वेळी सापडतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यातून कूलंट किंवा तेल झिरपले, तर पंपाचे सील गेले असे समजावे. ते छिद्र बुजवणे म्हणजे इशाराच बंद करणे.

खोललेल्या इंजिनाची स्वच्छता : संपूर्ण दुरुस्तीच्या वेळी इंजिन सुटे केले, की दुर्गम असे फारसे काही उरत नाही, मात्र आतल्या तेलाच्या वाटा अधिक जपाव्या लागतात. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलबरोबर जळत असल्याने एक्झॉस्ट पोर्ट आणि पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचतो. तो लाकडी किंवा मऊ धातूच्या पट्टीने काढतात. बाहेरच्या आवरणांसाठी काचेच्या बारीक मण्यांचा मारा केला जातो, पण एखादा मणी जरी तेलाच्या वाटेत राहिला तरी तो बेअरिंगचा नाश करतो. म्हणून काही ठिकाणी खाण्याच्या सोड्याचा मारा पसंत करतात. सोडा पाण्यात विरघळून निघून जातो. कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म जेटसाठी श्रवणातीत ध्वनिलहरींचे पात्र वापरतात. त्यात द्रवात तयार होणारे बुडबुडे फुटून ब्रश न पोचणारी छिद्रे मोकळी होतात.

काळ आणि सांडपाणी : पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा, असा वर्षातून दोन वेळा हा पूर्ण क्रम केला, तर साध्या वापराच्या गाडीला तो पुरतो. महाराष्ट्रात खंडेनवमी आणि दसऱ्याला गाड्या धुऊन, हार घालून पूजा करण्याची रीत आहे. तो काळ पाऊस ओसरण्याचाच असल्याने खोलवरच्या स्वच्छतेला नेमका योग्य ठरतो. धुतलेले तेलकट पाणी मात्र गटारात, विहिरीजवळ किंवा नदीकाठी सोडू नये. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला तरी हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला अडथळा होतो. वापरलेले तेल भारतात २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. खरवडलेला काळा लेप आणि मळकी फडकी वेगळ्या डब्यात ठेवून गॅरेजच्या जुन्या तेलाबरोबर द्यावीत. चिखल ओला असतानाच काढला आणि साखळीचे जादा वंगण त्याच दिवशी पुसले, तर इतके द्रावण आणि इतके पाणी लागतच नाही. ही छोटी नेहमीची सवय इंजिनाच्याही हिताची आहे आणि गावच्या पाण्याच्याही.