हाली, कलदार आणि लिलावाची बोली

आमच्या बीदर-भालकीकडे आणि पलीकडे मराठवाड्यात ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द अजूनही येतात : हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा रुपया. कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा, कळीच्या यंत्रावर पाडलेला. 'सात हालीचे सहा कलदार' हा भाव एके काळी बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असे. माझ्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत या दोन चलनांसाठी दोन वेगळे रकाने होते. आज त्याच रुपयांना आणि नोटांना मुंबई-बंगळूरच्या लिलावांत बोली लागते. गेली बरीच वर्षे मी या लिलावांच्या सूचीपुस्तिका मागवून वाचतो आणि खिशाला परवडेल तेव्हा बोलीही लावतो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

प्रथम तो सातास सहाचा भाव. तो कोणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी शेकडा ९१.७, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आता सात हाली आणि सहा कलदार तराजूत घाला. दोन्हीकडे चांदी ६४ ग्रॅमच्या आसपास भरते! नववीच्या वर्गात हे गणित मी फळ्यावर घालतो, तेव्हा इतिहासाचा कंटाळा करणारी मुलेही मान वर करतात.

हाली रुपयावर चारमिनार आहे. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले, तेव्हापासून त्या चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचे आद्याक्षर 'ऐन' आले. अगदी आरंभीच्या नाण्यांवर हे अक्षर अपुरे उमटते, पुढच्या नाण्यांवर पूर्ण. एवढ्याशा फरकाने लिलावात नाण्याची किंमत बदलते. भिंग हाती घेतल्यावाचून या छंदात पाऊल टाकू नये, असे म्हणतात ते याच कारणाने.

कागदी नोटांची कथा अधिक जवळची आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ साली हैदराबाद संस्थानाने कागदी चलनाचा कायदा केला. आधी शंभराची आणि दहाची, मग पाचाची आणि एकाची, व १९२६ साली हजाराची नोट निघाली. या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापून येत. पुढे काही नोटा नाशिकच्या छापखान्यातही निघाल्या. नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत; पण तिची किंमत इंग्रजीबरोबरच मराठी, तेलुगू आणि कन्नड अक्षरांतही दिलेली असे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्या राज्यात कारभार उर्दूत चाले, ज्याने त्याच १९१८च्या सुमारास उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे केले, त्या राज्याच्या नोटेवर मराठी कशी आली? मराठीचा मान राखायचा म्हणून नव्हे, असे मला वाटते. चांदीचा रुपया दातांखाली धरून, दगडावर वाजवून पारखता येतो. कागदावर विश्वास ठेवावा लागतो. परभणीच्या कापूसवाल्याने, भालकीच्या शेतकऱ्याने तो ठेवावा, तर त्याच्या ओळखीची अक्षरे हवीत. दरबाराने ज्या भाषांना कचेरीत खुर्ची दिली नाही, त्यांना बाजारापायी नोटेवर जागा द्यावी लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात आणि आमचे बीदर म्हैसूर राज्यात गेले. एका कागदावर शेजारी बसलेल्या लिप्या तीन राज्यांत वाटल्या गेल्या. आमच्या गावांत मात्र त्या अजूनही शेजारीच राहतात. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, जुन्या सात-बाऱ्याच्या कागदांत उर्दू. म्हणून ही नोट मला आमच्या घरांची कुंडलीच वाटते.

नोटेवरील सहीसुद्धा वाचण्यासारखी असते. नोट कोणत्या काळातील, हे बहुधा सहीवरूनच ठरते. गुलाम मुहम्मद यांच्या सहीच्या नोटा आहेत. हैदराबादचे हे अर्थमंत्री पुढे १९५१ साली पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. जाहिद हुसेन यांची सही असलेल्या नोटाही सापडतात. ते पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरच्या नोटांवर मेलकोटे, प्रधान अशी नावे येतात. एका सहीच्या फरकात केवढे सत्तांतर सामावले आहे!

आता लिलावाविषयी. तेथे मोल कोऱ्या नोटेला. घडी पडलेली, टाचणीचे भोक असलेली, कडेला तेलकट झालेली नोट खालच्या प्रतीची ठरते. लंडनमध्ये मे २०२४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या दहा रुपयांच्या दोन नोटा विकल्या गेल्या. 'शिराला' नावाचे जहाज जुलै १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले, त्यातून तरंगत किनाऱ्याला लागलेल्या नोटांपैकी त्या होत्या. अंदाजापेक्षा त्यांना पुष्कळ अधिक किंमत आली. त्या नोटांनी कधी एक पैशाचाही व्यवहार केला नव्हता. किंमत आली ती त्यांच्या कहाणीला, आणि कहाणी नोंदवलेली होती म्हणून.

आमच्या घरांतील नोटांची अडचण नेमकी येथे आहे. ट्रंकेच्या तळाशी पडलेली, चार घड्यांची हाली नोट मोडीवाला किलोच्या भावाने नेतो, नाही तर दलाल पाच-पन्नास रुपयांना. तेथून ती लिलावात जाते, तेव्हा सूचीत तिची प्रत लिहिली जाते, क्रमांक लिहिला जातो. पण ती कोणाच्या घरची, कोणत्या सौद्यातली, हे कुठेच येत नाही. तेवढा इतिहास कायमचा पुसला जातो.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. विकायचे तर खुशाल विका, गरज कोणाला चुकली आहे? पण विकण्याआधी नोट कोणाची, कोठून आली, कोणी जपली, हे चार ओळींत लिहून तिच्यासोबत द्या आणि एक प्रत घरी ठेवा. शेतात वा पायात नाणी सापडली, तर ती आपल्या मालकीची समजू नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवण्यालाही १९७२च्या पुरावस्तू कायद्याची बंदी आहे. आणि नाणे चकचकीत करण्यासाठी चिंचेने किंवा राखेने घासू नका. त्याने झीज होते आणि मोलही उतरते.

माझ्या संग्रहातली दहाची हाली नोट मधोमध फाटून चिकटवलेली आहे. लिलावात तिच्यावर माझ्याखेरीज कोणी बोली लावली नाही. मी ती शाळेत नेतो, तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाचणारी मुले आपापली ओळ शोधून काढतात, आणि प्रत्येकाला ती सापडते.