‘अडत नाही’ : एका पिस्तुलाचे स्तुतिवाङ्मय

ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाविषयी त्याच्या मालकांनी, विशेषतः अमेरिकेत, गेल्या चार दशकांत जे लिहून ठेवले आहे ते सारे एकत्र केले तर एखाद्या लहानशा संप्रदायाचे वाङ्मय भरावे. साहित्य म्हणून ते कोणी वाचत नाही, आणि त्यात वाचकाचे काही चुकते असे नाही. पण इतिहासाचे साधन म्हणून ते वाचले पाहिजे असे आम्हांस वाटते. या लेखनाचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. आरंभी संख्या: किती हजार गोळ्या झाडल्या आणि त्यांत पिस्तूल किती वेळा अडले. उत्तर बहुधा ‘एकदाही नाही’. मग मुठीत कसे बसते, चाप कसा लागतो, याचे वर्णन. आणि शेवटी पिस्तूल दिसायला कुरूप आहे अशी कबुली. ही कबुली निंदा नव्हे, हे चाणाक्ष वाचकाच्या लगेच ध्यानात येते. देखणेपणाचा सोस नाही म्हणून भरवसा ठेवावा, असा तो युक्तिवाद आहे.

आपल्याकडील वाचकाला हा अनुभव प्रत्यक्ष पडताळता येत नाही. ९ मिलिमीटरचे लष्करी काडतूस आपल्या शस्त्रकायद्यानुसार निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला हे पिस्तूल बाळगता येत नाही. आपल्याला ते भेटते ते पडद्यावर किंवा छापील मजकुरात. एका अर्थी हे बरेच आहे. वस्तू हाती नसली की शब्दांकडे अधिक लक्ष जाते.

‘अडत नाही’ हे विशेषण मुळात मालकांचे नव्हे, सरकारी दप्तरातले आहे. १९८० मध्ये ऑस्ट्रियन सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वॉल्टर पी-३८ या पिस्तुलाच्या जागी नवे शस्त्र हवे होते. त्यासाठी सतरा अटींची यादी तयार झाली. कोणत्याही हाताने चालवता यावे, दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी आपोआप गोळी सुटू नये, सुट्या भागांची संख्या ५८ च्या वर जाऊ नये, अशा त्या अटी. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची अट अशी : पहिल्या १०,००० गोळ्यांत २० पेक्षा अधिक वेळा अडथळा येता कामा नये. ‘विश्वास’ या शब्दाला इथे अपूर्णांकाचे रूप मिळाले. आपल्या भाषेत भरवसा म्हटला की ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ आठवतो. म्हणजे भरवसा आणि फसगत आपण एकाच वाक्यात नांदवतो. ऑस्ट्रियन लष्करी कचेरीने टोणग्यांची कमाल संख्या आधीच ठरवून टाकली.

ही स्पर्धा जिंकणारे गास्टन ग्लॉक (१९२९–२०२३) हे बंदुकांच्या धंद्यातले नव्हतेच. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम येथील त्यांच्या कारखान्यात पडद्यांच्या दांड्या होत, पुढे सैन्यासाठी चाकू आणि खणण्याची फावडी होऊ लागली. प्लास्टिक साच्यात घालून हवा तो आकार काढण्याची विद्या मात्र त्यांच्या हाती होती. पहिल्या नमुन्यांची चाचणी ते डाव्या हाताने घेत, म्हणजे स्फोट झालाच तर आराखडे काढायला उजवा हात शाबूत राहील, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यात भरवशाची चांगली व्याख्या आहे. हेक्लर अँड कॉख, सिग-सावर, बेरेटा, स्टायर यांसारख्या जुन्या घराण्यांना मागे टाकून १९८२ मध्ये हे पिस्तूल ‘पी-८०’ या नावाने सैन्यात दाखल झाले. त्याचे सुटे भाग सुमारे ३४ भरले. वजन, मॅगझिनाशिवाय, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास.

प्लास्टिकच्या सांगाड्याचे हे पहिलेच पिस्तूल असा एक समज आहे, तो चुकीचा. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने १९७० मध्येच व्हीपी-७० आणले होते, पण त्याचा चाप इतका जड होता की नेम धरणाऱ्याचा हात हलून जाई. तेव्हा ग्लॉकचे यश द्रव्यात नव्हते. द्रव्य आणि यंत्रणा यांच्या मेळात होते. पण लोकांच्या मनात बसले ते द्रव्यच. जानेवारी १९८६ मध्ये जॅक अँडरसन या अमेरिकन स्तंभलेखकाने, लिबियाचा गद्दाफी हे प्लास्टिकचे पिस्तूल विकत घेत असल्याची आणि ते विमानतळावरील तपासणीतून निसटू शकत असल्याची वार्ता दिली. वस्तुतः त्याची स्लाइड आणि नळी पोलादाची. यंत्रात ते स्पष्ट दिसते. तरीही १९८८ मध्ये धातुशोधकाला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला आणि १९९० च्या ‘डाय हार्ड २’ या चित्रपटात अस्तित्वातच नसलेले, चिनी मातीचे एक ग्लॉक अवतरले. अफवेने जाहिरातीचे काम केले, आणि तेही फुकट. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सोडून अधिक गोळ्यांच्या पिस्तुलाकडे वळण्याचा पोलिसांचा ओघ वाढला. ग्लॉकच्या मॅगझिनात १७ गोळ्या मावत.

आता मालकांच्या शब्दांकडे वळू. हाताळणीविषयी ते जे लिहितात ते संख्येपेक्षा अधिक प्रांजळ असते, कारण हात खोटे बोलत नाही. १९११ सालच्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाची सवय असलेले लोक तक्रार करतात की ग्लॉकच्या मुठीचा कोन अधिक कलता आहे, त्यामुळे नैसर्गिकपणे रोखले तर नळीचे तोंड वर जाते. काहींना मूठ चौकोनी ठोकळ्यासारखी वाटते. तिसऱ्या पिढीत मुठीवर बोटांसाठी खाचा आल्या. ज्यांची बोटे त्या खाचांत बसेनात त्यांनी इतका त्रागा केला की २०१७ च्या पाचव्या पिढीत त्या काढून टाकाव्या लागल्या. मधल्या काळात, २०१० मध्ये, मुठीची पाठ बदलता येण्याची सोय झाली होती. म्हणजे आधी हाताने पिस्तुलाशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा होती. पुढे पिस्तूल हाताशी जुळवून घेऊ लागले.

विश्वासार्हतेच्या प्रश्नावर मात्र हेच मालक असे लवचीक नसतात. पिस्तूल अडलेच, तर दोष त्याचा नसतो. आधी काडतूस तपासा. पुन्हा भरलेली काडतुसे वापरू नयेत असे निर्मात्याने बजावलेच आहे. मग मॅगझिन तपासा. मग मनगट. यातले मनगटाचे कारण खरे आहे : गोळी सुटताच स्लाइड मागे जाते, आणि हलका सांगाडा धरणारा हात ढिला असेल तर सांगाडाही तिच्याबरोबर मागे सरकतो, स्लाइडला पुरती धाव मिळत नाही आणि पुढचे काडतूस नळीत नीट चढत नाही. शास्त्रीय दृष्ट्या हे निर्दोष आहे. पण युक्तिवाद म्हणून पाहिले तर याला खोडताच येत नाही, कारण प्रत्येक अपयशाला मालकाचा हात जामीन राहतो. भक्तिपर वाङ्मयाशी परिचय असलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. २०११ मध्ये चौथ्या पिढीच्या स्प्रिंगा कंपनीने स्वतःहून बदलून दिल्या, तेव्हा ज्यांनी महिनोन्महिने नवशिक्यांच्या मनगटांना बोल लावला होता त्यांची थोडी अडचण झाली असावी.

याच्या उलट बाजूचे कागदपत्र मालकांच्या लेखनात क्वचित येतात. ग्लॉकला बाहेरून बोटाने लावायचा सुरक्षा-खटका नाही. त्याच्या तीन सुरक्षा-योजना चाप ओढताच आपोआप सुटतात. पिस्तूल खोलण्याआधीही चाप ओढावाच लागतो. आत एक काडतूस विसरले असेल तर तेही सुटते. वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी हे पिस्तूल स्वीकारल्यापासूनच्या दहा वर्षांत १२० पेक्षा अधिक वेळा चुकून गोळी सुटल्याचे १९९८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने उघडकीस आणले आणि अपुऱ्या प्रशिक्षणाकडे बोट दाखवले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी वेगळा मार्ग धरला होता. नेहमीचा अडीच किलोंचा चाप त्यांनी दीर्घकाळ सुमारे साडेपाच किलोंचा करून वापरला. यंत्रावर त्यांचा विश्वास होताच; तो बोटावर नव्हता. ऑस्ट्रियन यादीच्या निकषावर मोजायचे तर वॉशिंग्टनमधील त्या प्रसंगांत अपयश शून्य. चाप दाबला गेला, गोळी सुटली. अटींत ‘किती वेळा सुटू नये तेव्हा सुटली’ असा रकाना होता तो पडण्याबद्दल, दाबण्याबद्दल नव्हे.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसान शहराजवळ एका सुपरमार्केटबाहेर लोकांशी बोलत असलेल्या काँग्रेस-सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. सहा माणसे मेली, तेरा जखमी झाली. गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी शिरली, त्या वाचल्या. पिस्तूल ग्लॉक-१९, कायदेशीररीत्या विकत घेतलेले, आणि त्याला ३३ गोळ्यांचे लांब मॅगझिन. गिफर्ड्स स्वतः ग्लॉकच्या मालक होत्या आणि आपला नेम चांगला असल्याचे त्यांनी त्याआधीच एका वृत्तपत्राला सांगितले होते. मालकाचे मत म्हणून पाहिले तर ते या वाङ्मयातल्या इतर शेकडो मतांसारखेच होते. त्या सकाळी पहिले मॅगझिन संपेपर्यंत गोळीबार थांबला नाही. मॅगझिन बदलण्याच्या खटपटीत आसपासच्या माणसांनी हल्लेखोराला जमिनीवर पाडले आणि एका वयस्क स्त्रीने त्याच्याकडचे नवे मॅगझिन काढून घेतले. मालकांच्या हिशेबात याला अडणे म्हणत नाहीत. गोळ्या संपल्या होत्या, इतकेच.