तळोज्याची चूल : हलाल आणि तय्यिब

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. वर्गात मीही तेच शिकवते. पण घरात साबण कधी आला, तुपाच्या बरणीशेजारी डालडाचा डबा कधी बसला, खाडीची मासळी ताटातून कधी उठली, हाही इतिहासच आहे. फक्त त्याची बखर कोणी लिहिली नाही. तळोज्यातल्या कोकणी मुसलमानांच्या घरांपुरता हा एक लहानसा प्रयत्न.

तळोजे हे मूळचे भातशेतीचे, खाडीजवळचे गाव. जुन्या घरांत बाजारातून फार थोडे येई. तांदूळ शेतातला, त्याचीच भाकर, घावन आणि सणाला सांदण. सालनाला नारळ आणि आमसूल. खाडीची निवटी, चिंबोरी, नशीब असेल तर जिताडा. मीठ मिठागरातले जाडे. केसांना रिठा आणि शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ, भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या. दातांना मिस्वाक, ती तर पैगंबरसाहेबांची (स.) सुन्नत. रिठ्याच्या सालीतले सॅपोनिन फेस देते, राखेतला क्षार तेलकटपणा कापतो. आमच्या दादीला ही नावे ठाऊक नव्हती, पण रसायनशास्त्र तिच्या हातात होते.

मग बाजार घरात शिरला. साबण आपल्याला नवा नव्हता, हा शब्दच अरबी 'साबून'शी नाते सांगतो. पण कारखान्यातली सनलाइटची वडी विलायतेहून हिंदुस्थानात आली १८८८ साली. डालडा आला १९३७ मध्ये, आणि हळूहळू लग्नाच्या देगीत साजूक तुपाची जागा वनस्पतीने घेतली. १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाला आणि कपडे धुण्याची पावडर गरिबालाही परवडू लागली. या बदलाला नुसती नावे ठेवणे सोपे आहे. पण राखेने भांडी घासणारे, मोरीत गुडघे मोडून कपडे आपटणारे हात बायकांचेच होते. त्यांचे कष्ट हलके झाले, हे विसरून चालणार नाही. किंमत मात्र पुढे मोजावी लागली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटने हृदयाच्या रक्तवाहिन्यांना अपाय होतो हे सिद्ध झाले, आणि तेला-तुपात त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम आपल्याकडे लागू व्हायला २०२२ साल उजाडले. डालडा आल्यापासून तोवर ८५ वर्षे गेली होती.

तळोज्याची गोष्ट इथेच संपत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहू लागली. तळोज्यात औद्योगिक वसाहत आली. रंगांचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने आले. रोजगार आला. गावातल्या अनेक चुली त्या पगारावर पेटल्या, आजही पेटतात. पण कासाडी नदी बिघडली. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. कारखान्यातल्या रंगाने त्यांचे अंग निळे झाले होते. जग त्या कुत्र्यांकडे पाहून हळहळले. नदीवर पोट असलेले कोळी बांधव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मेलेली मासळी दाखवत होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. दैवदुर्विलास असा की याच वसाहतीतून गोठवलेली मासळी परदेशी रवाना होते आणि गावच्या नदीतला मासा घरी आणायला आपण धजत नाही.

इथे आपल्यालाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाकीट हातात घेतले की आपण पहिल्यांदा विचारतो, हलाल आहे ना? विचारलेच पाहिजे. पण कुरआनात सूरह बकराच्या १६८व्या आयतीत 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द आहे. तय्यिब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, हितकर. आणि तिथे हाक केवळ मुसलमानांना नाही, साऱ्या माणसांना आहे. आपण शाफई, चिंबोरीही आपल्याकडे हलाल मानून खातात. पण रसायनाच्या गाळात वाढलेली चिंबोरी तय्यिब आहे का? दुसरा शब्द आपण ताटाबाहेर ठेवला.

मात्र जुने ते सारे तय्यिब, असेही नाही. सुरम्याचा दगड निसर्गातलाच, पण पुष्कळशा सुरम्यात शिसे असते, आणि तो आपण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालतो. मिठागरातले मीठ निर्मळ, पण त्यात पुरेसे आयोडीन नसते. गलगंड टाळण्यासाठी आयोडीनयुक्त मीठ हवेच. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकायला बंदी आहे, ती याचसाठी. 'नैसर्गिक' हा शब्द आता पाकिटावरही छापून मिळतो. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे म्हणजे डालड्याचीच चूक पुन्हा करणे.

मग करायचे काय? रिठा-शिकेकाई परत आणणे सोपे आहे. मुलांच्या डब्यात वेफर्सच्या पाकिटाऐवजी घावन देता येते. दावतीच्या देगीत वनस्पती घालू नका, असे सांगता येते. पण नदी एका घराने साफ होत नाही. त्यासाठी मोहल्ल्याला कोळीवाड्याच्या शेजारी उभे राहावे लागेल आणि ज्या कारखान्याचा पगार खातो त्यालाच सांडपाण्याचा हिशेब विचारावा लागेल. हे अवघड आहे, घराघरांत भीती आहे, मला माहीत आहे.

वर्गात एकदा विचारले, जिताडा कोणी पाहिला आहे? दोन हात वर आले. दोन्ही मुलांनी तो बाजारात, बर्फावर पाहिला होता.