जयंत नारळीकर यांचे विज्ञानकथालेखन : प्रेरणा, पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८-२०२५) यांचे स्थान वादातीत आहे. भा. रा. भागवत, भालबा केळकर यांच्यासारख्या लेखकांनी हा प्रवाह मराठीत आधीच आणला होता. तथापि आंतरराष्ट्रीय मान्यतेचा संशोधक स्वतः मातृभाषेत कथा लिहू लागला, ही घटना १९७४ नंतरची होय. या लेखनाकडे बहुधा विज्ञानप्रसाराचे साधन म्हणूनच पाहिले गेले आहे. ते तेवढेच आहे काय, की त्यामागे विचार करण्याची एक स्वतंत्र पद्धती आहे, या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण :

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बालपण मात्र बनारसमध्ये गेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती या संस्कृतच्या अभ्यासक होत्या. शालेय शिक्षण हिंदी माध्यमातून आणि घरी मराठी, अशी भाषिक पार्श्वभूमी त्यांना लाभली. घरातील फळ्यावर मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा जयंतसाठी आव्हान म्हणून गणिती कोडी लिहून ठेवीत आणि उत्तर सापडेपर्यंत ते कोडे फळ्यावर राहत असे. एखादे गृहीत मान्य करून त्याच्या निष्कर्षापर्यंत चिकाटीने जाण्याची ही सवय त्यांच्या कथांच्या रचनेतही दिसून येते.

१९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे रँग्लर झाल्यावर त्यांनी फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा हॉईल-नारळीकर सिद्धांत सर्वश्रुत आहे. साहित्याच्या दृष्टीने हॉईल यांचे आणखी एक महत्त्व आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ब्लॅक क्लाउड' या गाजलेल्या विज्ञानकादंबरीचे ते लेखक होते. प्रस्थापित मताविरुद्ध संशोधन करणे आणि त्याच वेळी सामान्य वाचकासाठी कथा लिहिणे या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचे उदाहरण नारळीकरांना गुरूच्या रूपाने समोर दिसत होते.

टोपणनावाने प्रवेश :

१९७२ मध्ये ते भारतात परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अहमदाबाद येथील एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना आपण कथा लिहावयास घेतली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. 'कृष्णविवर' ही ती कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी येथे उलट्या क्रमाने योजली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगला यांच्या हस्ताक्षरात होती. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाला आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू द्यावयाचे नव्हते. प्रयोगात निरीक्षकाचा पूर्वग्रह टाळण्यासाठी घ्यावयाची दक्षता त्यांनी साहित्याच्या क्षेत्रातही घेतली, असे म्हणता येईल. या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

कथेची पद्धती :

नारळीकरांच्या कथेत सामान्यतः एकच वैज्ञानिक गृहीत बदललेले असते. भोवतालचा समाज, त्यातील कार्यालये, वर्तमानपत्रे, पुणे-मुंबईची घरे मात्र जशीच्या तशी राहतात. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल मोबियस पट्टीच्या संकल्पनेवर आधारलेली आहे. 'हिमप्रलय'मध्ये वातावरणातील बदलामुळे मुंबईत बर्फ पडतो आणि इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाकडे झालेले दुर्लक्ष हा कथेचा खरा विषय ठरतो. 'वामन परत न आला' या कादंबरीचे शीर्षकच पौराणिक संदर्भ जागा करते. विज्ञान वजा केल्यावर जी कथा उभी राहू शकते ती विज्ञानकथा नव्हे, ही त्यांची कसोटी होती.

या पद्धतीचे सर्वांत समर्थ उदाहरण म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे विजयी झाले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रभाव मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या परिसरापुरता उरला आहे. गंगाधरपंत हे सारे ग्रंथालयात, स्वतःच लिहिलेल्या इतिहासग्रंथात वाचतात. अखेरीस या अनुभवाचे स्पष्टीकरण आपत्ती सिद्धांत व पुंजसिद्धांतातील अनिश्चितता यांच्या आधारे दिले जाते. येथे विजयाचे स्वप्नरंजन नाही. एका गोळीच्या मार्गावर इतिहासाची दिशा अवलंबून असेल, तर कार्यकारणभाव सांगणाऱ्या इतिहासकाराने निश्चिततेचा दावा किती करावा, हा कथेचा प्रश्न आहे. मराठी मनाला सर्वाधिक सलणारा पराभव निवडून लेखकाने तो भावनेऐवजी तर्काच्या पातळीवर विचारला आहे. या कथेचा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला, ही बाबही लक्षणीय आहे.

मर्यादा :

या पद्धतीची किंमतही नारळीकरांच्या कथेने मोजली आहे. पात्रे पुष्कळदा गृहीतक पुढे नेण्यापुरती येतात. त्यांचे अंतर्विश्व क्वचितच उलगडते. स्पष्टीकरणासाठी एक जाणकार पात्र आणण्याची योजना पुनःपुन्हा दिसते. भाषा पारदर्शक असली तरी व्यक्तिपरत्वे फारशी बदलत नाही. हे दोष नाकारण्याचे कारण नाही. मात्र केवळ व्यक्तिचित्रणाच्या निकषावर या कथेचे मूल्यमापन करणेही अपुरे ठरते, कारण तिच्या केंद्रस्थानी व्यक्ती नसून एखाद्या शक्यतेला समाज देत असलेला प्रतिसाद असतो.

समारोप :

१९८८ मध्ये पुण्यात आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक झाल्यावरही नारळीकरांचे मराठी लेखन थांबले नाही. २००८ मध्ये फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणारे संशोधक आणि अंधश्रद्धेवर कथेतून बोट ठेवणारे लेखक या त्यांच्या दोन भूमिका नव्हत्या. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कराड ते नाशिक हा ४६ वर्षांचा प्रवास विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेचा निदर्शक आहे. परंतु लेखकाच्या सन्मानाने साहित्यप्रकाराचा अभ्यास आपोआप घडत नाही. इतिहास, विज्ञान व साहित्य या तिन्ही विभागांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'सारखी कथा एकत्र वाचावयास घेतली, तर या लेखनाचे महत्त्व विज्ञानप्रसाराच्या पलीकडे आहे हे अधिक स्पष्ट होईल.