लाईन जाण्यापूर्वी : अनेकांचा संगणक बंद करण्याचा इतिहास

अमरावतीच्या जुन्या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. मोठा दरवाजा लावला तरी खिडकीतून एकेका माणसाला वाट करून देता येते. नवे लोंढे थांबवायचे, पण आत असलेल्यांना सुखरूप बाहेर पडू द्यायचे, ही सोय निजामकाळातील त्या बांधकामात दगडात कोरलेली आहे. परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर राजापेठ आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा बाजारपेठांतील बँकशाखांमध्ये हीच सोय एका संगणकीय स्क्रिप्टच्या रूपाने आली. आजचा धागा त्या स्क्रिप्टविषयी.

प्रश्न नवा होता, कारण आधीच्या यंत्रांना तो पडतच नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास पूर्ण झालेला टिफ्रॅक घ्या. सुमारे २७०० निर्वात नलिकांचे ते अवाढव्य यंत्र एका वेळी एकाचेच गणित सोडवी. ते संपले की यंत्र मोकळे. एकाच यंत्राशी दहा-वीस माणसे एकाच क्षणी बोलू लागली, तेव्हा मात्र बंद करण्याच्या कळीवर कोणा एकाचा हक्क उरला नाही.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स ही प्रणाली अशा सामायिक यंत्रांसाठीच वाढली. तिची एक खोड पुढे साऱ्या जगाला शिकावी लागली. तुम्ही लिहिलेले ती लगेच तबकडीवर उतरवत नाही. आधी स्मृतीत साठवते आणि सवडीने उतरवते. त्यामुळे वेग मिळतो, पण मध्येच वीज गेली तर स्मृतीतले सारे पुसले जाते आणि तबकडीवर अर्धवट नोंदी राहतात. फाईलचे नाव एकीकडे, मजकूर दुसरीकडे, आणि मोकळ्या जागेचा हिशेब तिसरेच काही सांगणारा.

यावर पहिला उपाय होता ‘सिंक’ ही आज्ञा : जे साठले आहे ते उतरव. जुने चालक ती तीनदा टंकित करीत. अनेकांना तो निव्वळ विधी वाटे, पण त्यामागे कारण होते. आज्ञा उतरवण्याचे काम नुसते सुरू करून देई, ते संपण्याची वाट पाहत नसे. तीन वेगवेगळ्या ओळी टंकित करण्यात जे क्षण जात, तेवढ्यात तबकडीचे काम उरकून जाई. तिन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहिणाऱ्याला विधी कळला होता, अर्थ नव्हे!

पुढे हे ज्ञान ‘शटडाऊन’ या आज्ञेत गोठवले गेले. बर्कलेच्या शाखेत तो स्वतंत्र प्रोग्राम होता. तो घटत्या अंतराने इशारे देई आणि शेवटच्या पाच मिनिटांत नव्या प्रवेशास बंदी घाली. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमध्ये मात्र ती शेल स्क्रिप्ट होती, म्हणजे कोणालाही वाचता येईल आणि गरजेप्रमाणे दुरुस्त करता येईल असा साधा मजकूर. माझ्या मते हाच या इतिहासातला मोलाचा भाग, कारण त्या ओळींचा क्रम वाचला की पूर्वी कोणाचे काय बिघडले असेल ते उमगते. चालकाने आधी मूळ निर्देशिकेत जावे, कारण ज्या तबकडीवर आपण उभे आहोत ती सोडवता येत नाही. मग सर्व पडद्यांवर सूचना आणि थोडी मुदत. मग छपाईची रांग व हिशेबाची आधारसामग्री थांबवणे. उरलेल्या प्रक्रियांना प्रथम १५ क्रमांकाचा संकेत, म्हणजे ‘आवरा’ अशी विनंती, आणि न ऐकणाऱ्यांनाच ९ क्रमांकाचा, ज्याला नकार देता येत नाही. शेवटी सिंक, आणि तबकड्या सोडवणे. घाईत थेट ९ वापरणारे चालक तेव्हाही होते, आजही आहेत. आधारसामग्रीचा निम्मा व्यवहार अशाने लोंबकळत राहतो.

१९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांच्या यांत्रिकीकरणाला वेग मिळाला. पुढच्या दशकात अनेक शाखांत एक मध्यवर्ती यंत्र आणि त्याला तारांनी जोडलेले टर्मिनल अशी मांडणी रूढ झाली. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी एससीओ कंपनीचे युनिक्स असे. संध्याकाळी ते नीट बंद केले की पडद्यावर अक्षरे उमटत : ‘सेफ टू पॉवर ऑफ’. ती दिसल्यावाचून कळीला हात लावायचा नाही. घाई केली तर दुसऱ्या दिवशी ‘एफएससीके’ नावाची तपासणी चाले. अनाथ झालेल्या फाईली ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ निर्देशिकेत, नावांऐवजी आकडे लावून, टाकी. काउंटरसमोर ग्राहकांची रांग, आणि कालची एखादी जमा त्या आकड्यांत दडलेली.

वऱ्हाडात यात विजेची भर पडली. इथे वीज जाणे म्हणजे ‘लाईन जाणे’. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी कामाला लागली, आणि त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची गेली. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र असूनही! जाहीर वेळापत्रक असे तेव्हा शटडाऊनला आधीच वेळ सांगून ठेवता येई. अवचित लाईन गेली तर भिस्त यूपीएसवर. यासाठीही सिस्टिम फाइव्हमध्ये तजवीज होती : ‘इनिटॅब’ फाईलमध्ये ‘पॉवरफेल’ अशी नोंद. यूपीएस एका तारेवरून संकेत देई, संगणक ठरलेली स्क्रिप्ट सुरू करी. पुढे लिनक्समध्ये लाईन परतल्यास बंद होणे रद्द करण्याचीही नोंद आली.

मुदतीचा आकडा मात्र माणसालाच ठरवावा लागे, आणि तो बॅटरीत प्रत्यक्ष उरलेल्या वेळेपेक्षा कमी हवा. नेमके इथेच वऱ्हाडचा उन्हाळा आडवा येतो. तापमान सुमारे १० अंशांनी चढे राहिले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते. नवी असताना पुरेशी मोकळी वाटणारी मुदत दोन-तीन वैशाखांनंतर बॅटरीपेक्षा लांब झालेली असे, आणि स्क्रिप्ट सूचना पाठवीत असतानाच यंत्र विझे. म्हणून जाणते चालक स्क्रिप्टमधला तो एक आकडा उन्हाळ्याआधी बॅटरी तपासून, घड्याळ लावून, नव्याने लिहीत.