भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलाव आणि स्थानिक स्वराज्य संस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले अनेक तलाव ब्रिटिश काळात मालगुजारांच्या ताब्यात आले. पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे व धानाला पाणी देणे या बाबी तेव्हा गावातच ठरत. १९४८ च्या कायद्यान्वये तहसीलनिहाय जनपद सभा अस्तित्वात आल्या. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव १९५१ मध्ये शासनाकडे गेले. मालगुजारांची सत्ता गेली हे न्याय्यच होते. परंतु तिच्यासोबत दुरुस्तीची गावपातळीवरील जबाबदारीही सैल झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव कालांतराने त्यांच्या अखत्यारीत आले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन व मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे मानले.

सारांश, तलावाचा धनी वारंवार बदलला, मात्र त्यावर विसंबणारा धान उत्पादक व ढिवर तोच राहिला. म्हणूनच गाळ केव्हा काढावा व पाणी कोणास आधी द्यावे, याचा निर्णय ग्रामसभेत होणे इतिहासाशी सुसंगत ठरते.